राजाची चौकट

चौकट घासायचं काम नवऱ्याने टिल्लूच्या आईवर सोपवलं, इथेच पहिली चूक झाली. हिच्या हाती काहीही घासायला दिलं की त्यातून काळजी निघते, हे एवढ्या वर्षांच्या संसारात त्याला कळायला हवं होतं. पातेलं घासताना तिला कल्हईतलं विष दिसायचं, आणि फरशी पुसताना टिल्लू जिथे जिथे घसरून पडू शकेल अशा सगळ्या जागा. पण चौकट ही चौकट असते, तिच्यात काळजी करण्यासारखं काय असणार, असं त्या भल्या माणसाला वाटलं.

मुळात घरच तसलं होतं. "लोक घर बांधतात, माझ्या लेकानं घर वेचलंय," असं सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. नवरा विमा कंपनीत कारकून होता, पण त्याचा जीव मोडक्या इमारतींत होता. गावात कुठे घर पाडायला काढलं की हा तेराव्याला जावं तसा गंभीर चेहरा करून हजर व्हायचा आणि येताना खांद्यावर काहीतरी घेऊन यायचा. स्वयंपाकाचा ओटा एका बंद पडलेल्या शाळेच्या प्रयोगशाळेतला होता. त्यावर कुणीतरी आम्लाने पाडलेले डाग होते आणि मधोमध एक भोक होतं, ज्यात चमचे हमखास पडत. न्हाणीघराची खिडकी जुन्या तिकीटघराची, खाली अर्धगोल फट असलेली. आत अंघोळ करणाऱ्याला साबण द्यायला फार सोयीची. बैठकीचं दार दवाखान्याचं होतं आणि त्यावरची 'शांतता राखा' ही अक्षरं काही केल्या निघाली नव्हती. त्या अक्षरांकडे बोट दाखवून नवरा बऱ्याच भांडणांतून सुटला होता.

"नवं लाकूड म्हणजे शिकाऊ उमेदवार," तो म्हणायचा. "जुन्या लाकडाला अनुभव असतो."

तर टिल्लूच्या खोलीची ही अनुभवी चौकट. तिच्यावर हिरवा, त्याखाली पिवळा, त्याखाली चॉकलेटी असे रंगाचे थर होते. टिल्लूची आई पदर खोचून पत्र्याने पापुद्रे काढत, पॉलिश पेपर मारत बसली होती. चॉकलेटी थर निघाला आणि लाकडावर एक आडवी रेघ दिसली. खिळ्याने ओढलेली, चांगली खोल. रेघेशेजारी कोरलं होतं : 'राजा ३'. तिने भराभर वर घासलं. 'राजा ४'. 'राजा ५'. मग सहा, सात, करत थेट बारापर्यंत.

तिला गलबलून आलं. कुणा आईने आपल्या लेकराची उंची दर वर्षी इथे कोरून ठेवली होती! तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. आणि ते गालावर यायच्या आतच तिच्या मनात एक विचार आला.

"टिल्लू! इकडे ये रे जरा!"

टिल्लूला नुकतीच पाच वर्षं पूर्ण झाली होती. चौकटीला पाठ लावून तो उभा राहिला. आईने डोक्यावर पट्टी धरली. राजा पाचपासून टिल्लूचा माथा चांगला वीतभर खाली होता. राजा चारलाही तो पोचत नव्हता. राजा तीनच्या रेघेला त्याचे केस जेमतेम लागत होते, तेही आज तेल न लावल्यामुळे उभे राहिले होते म्हणून.

"टाच टेकव."

"टेकवलीये."

"मान ताठ कर."

"केलीये."

"अजून कर!"

"आई, मान संपली," टिल्लू म्हणाला.

संध्याकाळी नवरा घरी आला, तेव्हा ती चौकटीसमोर कपाळाला हात लावून बसली होती.

"अहो, आपला टिल्लू बुटका आहे."

"कोण म्हणतं?"

"चौकट."

नवऱ्याने रेघा पाहिल्या. त्याचा चेहरा उजळला. "बघ! म्हणत नव्हतो? नव्या चौकटीत असला इतिहास मिळाला असता का?"

"तुम्हाला इतिहास सुचतोय, इथे लेकराच्या भविष्याचं वाटोळं व्हायची वेळ आलीये! तरी मी म्हणत होते, पाळण्यात असल्यापासून टिल्लू टिल्लू करू नका. हाक मारू तसं मूल होतं."

"अगं, चौकट इथे बसवताना वरखाली झाली असेल. खाली तुकडा जोडला असेल सुताराने. म्हणजे रेघा आपसूक वर गेल्या. साधं गणित आहे."

तिच्या जिवात जीव आला. दुसऱ्या दिवशी सुताराला बोलावलं. सुतार हा प्रश्नाच्या आधी उत्तर देणारा आणि कौतुक ऐकल्याशिवाय न हलणारा गडी.

"जोड? माझ्या कामात जोड?" तो छातीवर हात ठेवून म्हणाला. "वहिनी, नाव बदलीन मी. उलट खालून कुजली होती ना चौकट, तर मी चार बोटं कापून टाकली. शोधून दाखवा कुठे कापलंय ते!"

"कापली?" तिचा आवाज चिरकला. "म्हणजे रेघा मुळात अजून चार बोटं वर होत्या?"

"असणारच की. चार म्हणजे, पाचच धरा."

आतापर्यंत टिल्लू राजापेक्षा वीतभर कमी होता. सुताराने हसत हसत त्यात पाच बोटांची भर घातली होती आणि वर चहाची वाट बघत उभा होता.

मग डॉक्टर झाले. डॉक्टरांनी टिल्लूला मोजलं, वजन केलं, भिंतीवरच्या तक्त्यावर बोट ठेवलं आणि सांगितलं, "अगदी व्यवस्थित आहे. पाचव्या वर्षी एवढाच असतो मुलगा."

"पण डॉक्टर, राजा केवढा होता!"

"कोण राजा?"

तिने सगळं सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "बाई, चौकटीवर उपचार नसतात," एवढंच ते म्हणाले. बाहेर पडताना ती नवऱ्याला म्हणाली, "तक्ता काय, छापील असतो. तक्त्यातलं मूल कुणी पाहिलंय का? राजा खरा होता. आणि तुम्ही पाहिलंत ना, डॉक्टर स्वतः केवढेसे आहेत ते? त्यांना कोण बुटकं वाटणार?"

सासूबाईंनी हे ऐकलं मात्र, त्या सरसावल्या. "आमच्या घराण्यात बुटकं कुणी नाही हो. हे तुझ्या माहेरचं."

"माझे बाबा दारातून वाकून जातात, आई!"

"दार कुठलं होतं ते बघायला हवं. तुमच्याकडची दारंच ठेंगणी."

वाद चिघळला. 'शांतता राखा'चा उपयोग झाला नाही, कारण भांडण दुसऱ्या खोलीत होतं. शेवटी दूध का दूध, पाणी का पाणी करायला खुद्द नवऱ्यालाच चौकटीशी उभं करण्यात आलं. तो राजा बारापेक्षा बोटभर खाली निघाला.

स्वतः नवऱ्याचाच विश्वास बसेना. त्याने बूट घालून पाहिले.

"बूट काढ," सासूबाई खिन्न स्वरात म्हणाल्या. "बारा वर्षांच्या पोराशी बूट घालून बरोबरी करतोस?"

इथपर्यंत प्रकरण घरात होतं. पण समोरच्या काकू वाटीभर साखर मागायला आल्या आणि चौकट पाहून गेल्या. साखर न्यायची विसरल्या, पण अर्ध्या तासात आपल्या दोन्ही मुलींना घेऊन परत आल्या. धाकटी राजाच्या मानाने एका वर्षाने मागे निघाली, थोरली तर दोन वर्षांनी. काकूंच्या मागोमाग कोपऱ्यावरची शिंपीण आपल्या मुलाला बखोटीला धरून आली. तो वर्गात सगळ्यांत उंच म्हणून मागच्या बाकावर बसायचा. राजापुढे तोही पडला. शिंपिणीने स्वतःची टेप आणली होती. टेप म्हणे ठीक आहे, चौकट म्हणे नाही. शिंपिणीने टेप बदलली.

आठवडाभरात आळीतलं एकूण एक पोर त्या दारात उभं राहून गेलं आणि एकूण एक आई उतरल्या तोंडाने परतली. आळीत दूध पुरेना. दूधवाला पहिल्या फेरीतच रिकामा होऊ लागला. समोरच्या काकूंनी मुलींना उशीशिवाय झोपवायला सुरुवात केली, कारण उशीने मान आखडते. शिंपिणीने मुलाच्या पँटींचे दुमडलेले काठ आधीच उसवून ठेवले, म्हणजे वाढायला त्याला कुठे अडचण नको.

नवऱ्याने यातही आपला आनंद शोधला. भंगारात काढलेल्या एका बसमधली डोक्यावरची दांडी, तिच्या लोंबत्या मुठींसकट, तो घेऊन आला आणि त्याने ती अंगणात दोन खांबांवर बसवली. लोंबकळल्याने उंची वाढते, असं सासूबाईंचं मत होतं. रोज संध्याकाळी आळीतली पोरं त्या मुठींना लटकू लागली. शेजारच्या घरातले निवृत्त कंडक्टर कट्ट्यावर बसून हे बघायचे. त्यांना राहवायचं नाही. "पुढे सरका, पुढे जागा आहे!" ते ओरडायचे, आणि पोरं लटकल्या लटकल्या पुढे सरकायची.

चौथ्या की पाचव्या संध्याकाळी सगळी पोरं एकाच टोकाला सरकली आणि दांडी, खांब, पोरं असं सगळं मिळून खाली आलं. लागलं कुणालाच नाही, पण कट्ट्यावरच्या कंडक्टरकाकांच्या कुंडीला धक्का बसला आणि ती फुटली. कुंडीत एक मिरचीचं रोप होतं. काका महिनाभर ते पट्टीने मोजत होते म्हणे. बाकीचे आई-बाप पोरं मोजत होते, काकांकडे पोर नव्हतं.

इतकं होऊनही टिल्लूच्या आईचे डोळे उघडले नसते. ते उघडले ते एका सकाळी, टिल्लू शाळेत जायला निघेना तेव्हा. दप्तर पाठीवर, बूट पायात, आणि हा दाराच्या कडीला धरून उभा.

"मी नाही जाणार."

"का रे? पोट दुखतंय?"

"नाही."

"बाईंनी मारलं?"

"नाही. मी मोठा झाल्यावर जाईन. आत्ता मी बुटका आहे." मग त्याने विचारलं, "आई, राजा आपल्याकडे राहायला आला, तर तू त्याला ठेवशील ना? मला आजीकडे पाठवशील?"

तिने त्याला उचलून घट्ट धरलं. आतापर्यंत ती चौकटीकडे बघत होती, चौकटीला टेकून उभं राहणाऱ्याकडे तिचं लक्षच गेलं नव्हतं. तिला स्वतःचा इतका राग आला, की तो कुठे ठेवावा ते कळेना. म्हणून तिने तो नवऱ्यावर ठेवला.

"कुठून आणलीत ती अवदसा चौकट? मला पत्ता हवाय. त्या राजाच्या आईला मी विचारणार आहे, पोराला काय खाऊ घातलं होतंत म्हणून!"

लोकांना नातेवाइकांची कुळं पाठ असतात, तशी नवऱ्याला दारं-खिडक्यांची होती. "पाण्याच्या टाकीजवळचं कौलारू घर," तो लगेच म्हणाला. "माणसं आता मैदानापलीकडच्या इमारतीत राहतात. तळमजला. आई आणि मुलगा. भली माणसं आहेत, बिजागऱ्या फुकट दिल्या होत्या."

त्याच संध्याकाळी टिल्लूचा हात धरून ती त्या दारात उभी राहिली. वाटेत तिने आपल्या मनाशी पक्कं केलं होतं, की दार उघडणारा माणूस केवढाही उंच असो, आपण दचकायचं नाही. ती मान वर करूनच उभी होती. त्यामुळे दार उघडलं तेव्हा तिला समोर कुणीच दिसलं नाही.

"या, या!" खालून आवाज आला.

तिने नजर उतरवली. दारात टक्कल पडलेला, गोल चेहऱ्याचा, छाती काढून उभा असलेला एक गृहस्थ होता. त्याचा माथा तिच्या खांद्याला जेमतेम लागत होता. गळ्यात शिट्टी होती, काखेत बास्केटबॉल होता.

"राजा... राजा आहेत का घरात?" तिने विचारलं.

"मीच की राजा! सगळी आळी अजून राजाच म्हणते."

टिल्लूने आईचा हात सोडला. तो आ वासून बघत होता. "तुम्ही राजा? आमच्या चौकटीतला?"

चौकटीचं नाव निघताच गृहस्थ खुलला. "ती तुमच्याकडे आहे? आई, ऐकलंस का, आपली चौकट! काय रेघा आहेत ना एकेक? अहो, लहानपणी मी फार उंच होतो. शाळेत पोरं आधी चिडवायची, पण मी सांगायचो, घरी येऊन चौकट बघा. कुणी आलं नाही! त्या जोरावर मी बास्केटबॉलच्या संघात घुसलो. सर म्हणाले, तुझ्याने नाही जमणार. म्हटलं, सर, माझी उंची अजून यायची आहे, रेघा बघा कशा चढतायत. पळून पळून, उड्या मारून मारून त्यांच्या नाकी नऊ आणले. आता मीच शिकवतो तिथे." मग त्याने जरा गोंधळून टकलावर हात फिरवला. "पुढे मात्र काय झालं कोण जाणे. बारानंतर वाढ थांबली ती थांबलीच. डॉक्टरांनाही कोडं पडलं होतं. चल रे उंचाड्या, चेंडू खेळतोस?"

'उंचाड्या' ऐकून टिल्लूने मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. तो त्याच्या मागोमाग धावत अंगणात गेला.

आतल्या खुर्चीत एक चिमणीएवढी म्हातारी बसली होती. तिने टिल्लूच्या आईला जवळ बोलावलं, अंगणातून चेंडूचा आवाज येतोय याची खात्री केली, आणि कुजबुजली, "पोरी, त्याला काही बोलली नाहीस ना?"

"काय बोलणार?"

"ती खुर्चीखालची वस्तू ओढ बघू."

तिने ओढली. एक जाडजूड लाकडी पाट होता. त्याला खालून फळी ठोकली होती, तिच्याखाली आणखी एक, तिच्याखाली आणखी. सगळा मिळून वीतभराहून उंच ठोकळाच झाला होता.

"फरशी फार गार आहे, पाय गारठतील, पाटावर उभा राहा, असं म्हणायची मी त्याला," म्हातारी म्हणाली. "रेघ ओढली की लगेच हातावर गूळ ठेवायची, म्हणजे पोर खाली बघत नसे. मग दर वर्षी एक फळी ठोकत गेले. काय करणार? पोरं ठेंगू ठेंगू म्हणायची आणि हा शाळेच्या नावाने कडी धरून बसायचा."

टिल्लूची आई खाली बसली. तिला हसू येत होतं, आणि हसू येताना डोळे का भरतायत ते कळत नव्हतं. "आणि बारानंतर?"

"बारानंतर पाट उचलेना मला. कंबर धरली." म्हातारीने डोळे मिचकावले. "पण तोवर पोर एवढं उंच झालं होतं, की त्याला चौकट लागेना."

निघताना म्हातारीने तो ठोकळा तिच्या हातात दिला. "घेऊन जा. इथे पडून आहे. घरातलं काही टाकवत नाही बघ मला."

"आई, तो पाट कशाला देतेस त्यांना?" राजाने घाम पुसत विचारलं.

"त्यांची फरशी गार आहे रे," म्हातारी म्हणाली.

घरी येताना टिल्लू आईच्या पुढे पुढे, काल्पनिक चेंडू आपटत चालला होता. काखेत ठोकळा घेऊन येणाऱ्या बायकोला बघून नवऱ्याला भरून आलं. "अखेर! अखेर तुलाही लागलं वेड! केवढं अनुभवी लाकूड आहे हे! काय करू या याचं?"

"त्या चौकटीला उंबरठा नाही," ती म्हणाली. "उंबरठा करा."

"एवढा उंच? ठेच लागेल लोकांना."

"पाणी आत येणार नाही."

"कुठलं पाणी?"

"कुठलंही."

भंगाराच्या बाजूने कुणी बोललं की नवरा उलट प्रश्न विचारत नसे. रविवारी सुतार आला, ठोकळा कापून, रंधा मारून चौकटीत चपखल बसवून गेला. "शोधून दाखवा कुठे सांधा आहे ते!" असंही म्हणून गेला. पुढच्या रविवारी आळीतल्या पोरांची पुन्हा मोजणी ठरली होती. पोरं एकेक करून नव्या उंबरठ्यावर चढली, चौकटीला पाठ टेकून उभी राहिली, आणि आयांच्या तोंडून एकामागून एक चीत्कार बाहेर पडले. समोरच्या काकूंच्या दोन्ही मुली राजाला गाठून उभ्या होत्या. तो उशी काढल्याचा गुण होता. शिंपिणीचा मुलगा तर राजाच्या पुढे गेला. ती म्हणाली, काठ उसवून ठेवले तेव्हाच मला वाटलं होतं. सासूबाईंनी लोंबकळण्याचं श्रेय एकटीने घेतलं आणि कंडक्टरकाकांना त्यातला थोडा वाटा दिला, त्यांची कुंडी गेली होती म्हणून. टिल्लूचा माथा राजा पाचच्या रेघेला बरोब्बर लागला. तो उंबरठ्यावरून उतरला, तो छाती काढून थेट रस्त्यावर.

कुणीही खाली बघितलं नाही. खाली काय बघायचं, उंची वरच्या बाजूला असते.

गर्दी पांगल्यावर नवरा हळूच आत आला. कुणी बघत नाहीसं पाहून त्याने चपला काढल्या आणि उंबरठ्यावर चढून उभा राहिला.

"जरा बघतेस का? उगाच आपलं."

तिने पट्टी धरली. राजा बाराची रेघ त्याच्या कानाशी आली होती.

"वाढलात," ती म्हणाली.

"काय सांगतेस!" त्याचा चेहरा टिल्लूसारखा झाला. "या वयात? घर बांधताना सामान उचललं ना, त्याने पाठ मोकळी झाली असणार. आईला सांगतो. खूण कर, खूण कर!"

"करते. सरळ उभे राहा, मागे वळू नका," ती म्हणाली, आणि खिळा धरलेला तिचा हात, त्याच्या नकळत, आणखी बोटभर वर सरकला.